खाडाखोडीची वही

कापडछपाईच्या कारखान्यात तिला सगळे कार्बन म्हणत. हे नाव गोंदने ठेवलं होतं. गोंद म्हणजे छपाईच्या जाळ्या ताणून चौकटींवर चिकटवणारा गृहस्थ. त्याच्या बोटांना कायम काहीतरी चिकट लागलेलं असे, आणि त्याने ठेवलेली नावंही माणसाला तशीच चिकटत. त्याचं स्वतःचं नाव कार्बनने ठेवलं होतं, त्यामुळे फिट्टंफाट झाली होती. तसं तिला आपलं नाव मनातून आवडायचंही, कारण त्यात तिच्या कामाची पावती होती.

काम असं होतं. वरच्या मजल्यावरचे चित्रकार कापडासाठी फुलं, वेली, ठिपके असं काय काय रंगवून खाली पाठवत. कार्बन ते चित्र काचेच्या टेबलावर ठेवी, खालचा दिवा लावी, वर पारदर्शक फिल्म अंथरी आणि काळ्या शाईने एकेक रंग वेगळा उतरवून काढी. लाल पाकळ्यांची एक फिल्म, हिरव्या पानांची दुसरी, देठांची तिसरी. या फिल्म एकमेकींवर ठेवल्या की केसाचाही फरक पडता कामा नये, नाहीतर कापडावर पाकळी एकीकडे आणि तिची कड भलतीकडेच. कार्बनच्या हातून असा फरक पडत नसे. चित्रकाराच्या कुंचल्यातून चुकून थेंब उडाला असेल, तर ती तो थेंबही इमानेइतबारे उतरवायची. मग वरून कुणीतरी विचारायला यायचं, की हा ठिपका कुठला मध्येच. ती मूळ चित्र पुढे सरकवायची आणि विषय तिथेच संपायचा.

मग यंत्र येणार असं कानावर आलं. आधी कुजबुज होती, नंतर ते कुठे बसवायचं त्या जागेवर खडूने चौकोनच आखला गेला. हे यंत्र म्हणे चित्राचा फोटो काढणार आणि रंग आपले आपणच वेगळे करून देणार. जाळ्या ताणायला माणूस लागणारच होता, त्यामुळे गोंदला घोर नव्हता. खडूचा चौकोन मात्र नेमका काचेच्या टेबलाभोवती होता. रोज सकाळी त्या चौकोनात शिरून कामाला बसायचं कार्बनच्या जिवावर येऊ लागलं.

तिच्यासमोर दोन वाटा होत्या. एक, घड्या घालायच्या विभागात जायचं. तिथे दिवसभर उभं राहून कापडाच्या घड्या घालतात आणि संध्याकाळी घरी जाऊन पाय चेपत बसतात. दुसरी वाट वरच्या मजल्यावर जात होती. तिथे चित्रकाराची एक जागा रिकामी झाली होती. ती मिळावी असं कार्बनला इतकं वाटत होतं, की तिने ते कुणाला सांगितलंच नाही. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत हात धुऊन, केस नीट करून ती थेट वर गेली.

वरचा कारभार मोठ्या बाईंकडे होता. चष्मा डोक्यावर सरकवून तोच चष्मा टेबलावर शोधणारी बाई. पेन्सिली चावायची त्यांना सवय होती, आणि बोलणं असं घाईचं, की समोरच्याला बसा म्हणायचंही राहून जायचं.

"बाई, मला चित्र काढता येतं," कार्बन उभ्या उभ्याच म्हणाली.

"तुला उतरवता येतं. ते तर फारच छान येतं. काढता येतं की नाही, ते मला ठाऊक नाही." त्यांनी खण उघडला, त्यातलं बरंच सामान उपसलं आणि काळ्या पुठ्ठ्याची एक कोरी वही तिच्या हातात दिली. "रोज काढ. समोर जे असेल ते काढ. चित्रावरून चित्र नको. पान फाडायचं नाही. यंत्र यायच्या आधी मला आणून दाखव, मग बघू."

वही हातात घेऊन कार्बन जिना उतरली. पान का फाडायचं नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.

घरी ती आणि बाबा अशी दोघंच. आई गेल्यापासून दोन खोल्यांमध्ये दोन माणसं आणि भरपूर शिस्त. बाबा जन्मभर शाळेत मास्तर होते, आणि त्यांचं अक्षर असं, की फळा पुसायला मुलांना वाईट वाटायचं. त्यांचा एकच शत्रू होता. खाडाखोड. वहीत एक शब्द जरी खोडलेला दिसला तरी ते डाव्या हाताने वही दाबून धरत, उजव्या हाताने शिलाईजवळ पान पकडत आणि सर्रकन फाडत. शिवलेल्या वहीचं एक पान फाडलं, की पलीकडच्या बाजूचं त्याचं जोडीचं पानही निखळतं. त्यामुळे एका खोडलेल्या शब्दापायी दोन पानं पुन्हा लिहावी लागत, आणि त्यातलं एक तर बिचारं बिनचूक असे. सगळं स्वच्छ असलं तर पानाखाली 'तपासले' असं लिहून ते झोकदार सही करत. त्या सहीसाठी लहानपणी कार्बनने काय काय नाही केलं. आज तिच्या रेघेत केसाचाही फरक पडत नव्हता, त्याचं मूळ त्या सहीत होतं.

आता ती सही होत नसे. बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी थोडा, मग बराच. तिला न सांगता ते औषध घेत, पण त्याने फारसा फरक पडत नव्हता. बाबांनी यावर उपाय काढला तो असा, की घरात असोत वा बाहेर, उजवा हात स्वेटरच्या खिशात. स्वेटर उन्हाळ्यातही अंगावर असे. पार्सल आलं तर "चष्मा सापडत नाही, तूच सही कर" म्हणायचं, आणि ती स्वयंपाकघरात गेली की मग चमच्याने घाईघाईत जेवून घ्यायचं. तीही त्या वेळी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी वाजवत बसायची. दोघांनाही ठाऊक असलेली एक गोष्ट दोघंही एकमेकांपासून लपवत होती, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी तिने किटली काढायला घेतली. काढायला घेतली आणि घाम फुटला. आजवर रेघ तिला आयती मिळत आली होती, तिने फक्त तिच्यावरून हात फिरवायचा होता. किटलीला रेघच नव्हती. किटली कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते नुसतं बघून ठरवायचं होतं, आणि बघावं तसं ते बदलत होतं. मान जरा हलली की तोटी दुसरीकडे. बरीच झटापट झाल्यावर कागदावर जे उतरलं, त्याकडे बाबांनी खुर्चीतून मान लांब करून पाहिलं.

"ही किटली लंगडते का गं?"

त्यांनी चेष्टेने विचारलं होतं. पण कार्बनने डाव्या हाताने वही दाबून धरली आणि उजव्या हाताने पान फाडून टाकलं. तोच हिसका, तोच आवाज. मागच्या बाजूचं कोरं पान निखळून तिच्या मांडीवर पडलं, तेव्हा तिला मोठ्या बाईंचं सांगणं आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून तिने वेगळी युक्ती काढली. कारखान्यात नमुन्याचे वाया गेलेले कागद ढिगाने पडलेले असत, ते ती घरी आणू लागली. त्यांच्या कोऱ्या बाजूवर आधी पेन्सिलीने काढायचं, खोडायचं, परत काढायचं, परत खोडायचं. एकदा जमलं, की तो कागद खिडकीच्या काचेवर धरायचा, वर वहीचं पान ठेवायचं आणि सावकाश शाईने उतरवायचं. हात आपल्या मूळ धंद्यावर आला आणि सगळं सुरळीत झालं. किटली झाली, चप्पल झाली, कुलूप झालं, बाबांच्या चष्म्याचं घर झालं. कच्चे कागद चोळामोळा होऊन केराच्या डब्यात गेले.

बाबा तर खूश होते. रोज रात्री जेवण झालं की "वही आण" म्हणायचे आणि डाव्या हाताने एकेक पान उलटायचे. "एक खाडाखोड नाही," ते म्हणायचे. चाळिशीला आलेल्या बाईला हे ऐकून गुदगुल्या व्हाव्यात हे काही बरं लक्षण नव्हे, पण व्हायच्या खऱ्या. फक्त पानाखाली सही होत नव्हती, आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

निम्म्याच्या वर वही भरल्यावर ती वर घेऊन गेली. मोठ्या बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मग भरभर उलटत गेल्या, आणि ते कार्बनला खटकलं, कारण चित्रं काही इतक्या भरभर उलटण्यासारखी नव्हती.

"सुरेख आहे," बाई म्हणाल्या. "कच्ची कुठे आहेत?"

"कच्ची?"

"शाई एकदाही अडखळलेली नाही. समोर बघून काढणारा माणूस अडखळतो गं. ही तू आधी दुसरीकडे काढलीस आणि मग यात उतरवलीस. पहिल्याच पानापाशी दोराही सैल आहे, म्हणजे एक फाडलंसही. त्याचं मला काही नाही. कच्ची कुठे आहेत?"

"टाकली."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, मला तीच हवी होती."

मग त्यांनी स्वतःची वही समोर टाकली. कार्बनला ती आधी कुणाची हिशेबाची वही वाटली. पुठ्ठ्यावर चहाचं वर्तुळ, आत कुठे कुणाचा फोन नंबर, कुठे आणायच्या सामानाची यादी, आणि यादीच्या मधूनच उगवलेली एक सुंदर खुर्ची. एका पानावर पाच पायांचं मांजर होतं.

"मांजर हललं," बाई म्हणाल्या.

"मग तो पाय खोडला का नाही?"

"कशाला खोडू? मांजर कुठून कुठे गेलं, ते त्याच पायामुळे कळतं. वही कुणाला दाखवायला नसते, बघायची सवय लागायला असते. आपण कुठे चुकलो तेच खोडून टाकलं, तर उद्या त्याच्या पुढे कसे जाणार?" त्यांनी पेन्सिल चावली. "हे बघ, मी खोटं बोलत नाही. त्या जागेसाठी दुसरा एक अर्ज आहे, आणि तो माणूस चांगला काढतो. यंत्र महिनाअखेरीला येतंय. तोवर ही उरलेली पानं भर. थेट शाईने, थेट वहीत. मग ठरवते."

कार्बन जिना उतरली ती तणतणत. इतक्या निगुतीने काढलेलं चित्र नको आणि पाच पायांचं मांजर हवं, हा कुठला न्याय, हे तिने गोंदलाच विचारलं.

"म्हणजे तुला वाईट काढून दाखवायला सांगितलंय?" जाळी ताणता ताणता गोंद म्हणाला. "मग माझ्याकडे दे की वही. मी संध्याकाळपर्यंत भरून देतो."

तिला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं. आणि हसता हसता तिने वही उघडली आणि गोंदलाच काढायला घेतलं. तो चौकटीच्या एका कोपऱ्यात वाकला, मग दुसऱ्या कोपऱ्यात, मग परत पहिल्याकडे. शाई असल्यामुळे खोडायची सोय नव्हती. सुट्टीची घंटा वाजली तेव्हा गोंद वाकून बघायला आला.

"हा मी?"

"तूच."

"हात तीन आहेत."

"तू हलत होतास."

गोंदने स्वतःच्या दोन्ही हातांकडे नीट बघून घेतलं. "तरीच संध्याकाळी एवढं दुखतं," तो म्हणाला आणि डबा खायला निघून गेला.

ते पान तिने फाडलं नाही. पण घरी गेल्यावर वही पिशवीतून बाहेर काढली नाही. बाबांनी जेवण झाल्यावर "वही आण" म्हटलं, तर "अजून व्हायचंय" म्हणून तिने वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. पुढे बाबांनी विचारायचं सोडून दिलं. ते दुखावले होते हे तिला कळत होतं, पण तीन हातांचा माणूस त्यांच्यापुढे धरायची तिची छाती नव्हती. एक माणूस खिशात हात लपवून बसे आणि दुसरं पिशवीत वही. घराला आता लपवाछपवीची सवयच झाली होती.

ती काढत होती मात्र. बसच्या थांब्यावर, रेशनच्या रांगेत उभी असताना, जेवणाच्या सुट्टीत. हात हळूहळू सुटत होता. तरी एक गोष्ट तिच्याच लक्षात आली आणि तिला चैन पडेना. ती निवडून निवडून न हलणारं काढत होती. बाकडं, खांब, टेकून झोपलेला पहारेकरी. गोंदचं एक पान सोडलं, तर हलणाऱ्या कशाच्याही वाटेला ती गेली नव्हती. बाईंना हे पहिल्या फटक्यात दिसणार, आणि जागा दुसऱ्या अर्जवाल्याला जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. महिना सरत आला होता.

अशाच एका संध्याकाळी बाबा टेबलाशी पेपर वाचत बसले होते. पंख्याने पेपर उडत होता. डाव्या हाताने एक कोपरा दाबला तर दुसरा उडायचा. शेवटी वाचनाच्या नादात त्यांचा उजवा हात खिशातून बाहेर आला आणि पेपरवर टेकला. पेपर बारीक खडखडायला लागला.

कार्बनने सवयीने नजर वळवली. आजवर तो हात बाहेर आला, की ती दुसरीकडे बघत आली होती. त्यांना संकोच नको, म्हणून. आणि मग तिला जाणवलं, की चष्म्याचं घर आपण इतकं निरखून पाहिलं, कुलपाचं भोक पाहिलं, आणि हा हात, ज्याने आपल्याला अक्षर गिरवायला शिकवलं, तो इतक्या दिवसांत एकदाही नीट पाहिलेला नाही. तिला फार वाईट वाटलं. तिने पिशवीतून वही काढून मांडीवर घेतली.

हात एका जागी राहत नव्हता. अंगठा तर्जनीवर सारखा घासत होता, चिमटीत धरलेली खडूची पूड झाडावी तसा. तिने अंगठ्याची एक रेघ ओढली, तोवर अंगठा तिथून गेला होता. तिने तिथे ओढली. परत गेला. ती ओढत राहिली. कागदाकडे कमी आणि हाताकडे जास्त बघत राहिली. हातामागे हात उमटत गेले, नखांवर नखं आली, शिरा एकमेकींत मिसळल्या. फक्त मधल्या बोटाच्या पेरावर, जिथे जन्मभर लेखणी टेकून घट्टा पडला होता, तिथे तिची शाई प्रत्येक वेळी परत येत होती. पान काळंभोर झालं. इतकी खाडाखोड तिने आयुष्यात केली नव्हती.

"काय चाललंय?" बाबांनी वर पाहिलं. हात खिशात गेला.

"काही नाही."

"इकडे आण."

आवाज वर्गातला होता. त्या आवाजाला नाही म्हणायची सोय लहानपणी नव्हती आणि आताही सुचली नाही. तिने वही त्यांच्यापुढे ठेवली. बाबांनी डावा हात वहीवर दाबला. मग उजवा हात खिशातून बाहेर आला, पानाच्या आतल्या कडेला, शिलाईजवळ गेला आणि त्याने पान पकडलं.

"बाबा, फाडू नका," ती म्हणाली. उभ्या जन्मात तिने हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. "मला ते हवंय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "फाडत नाहीये. पान हलतंय, दिसत नाही. म्हणून धरतोय."

पान त्यांच्या हातामुळेच हलत होतं. ती पुढे झाली आणि तिने वहीचा दुसरा कोपरा दाबून धरला. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"यात एकही रेघ धड नाही," ते म्हणाले.

"नाही."

"कितीदा काढलास?"

"हलला तितक्यांदा."

"म्हणजे तुला दिसतो."

"दिसतो, बाबा."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

बाबांनी मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता, मोठी फजिती झालेल्या माणसाचा भाव होता. "मला वाटायचं, मी बऱ्यापैकी लपवलाय," ते म्हणाले. "उन्हाळ्यात त्या स्वेटरने जीव नकोसा झाला होता." मग ते परत पानावर वाकले आणि त्यांनी बोट ठेवलं. "घट्टा मात्र बरोबर जागच्या जागी आहे."

"तो हलत नाही."

"पेन दे."

तिने पेन दिलं आणि लगेच तिला वाटलं, द्यायला नको होतं. बाबांनी ते मुठीत धरल्यासारखं धरलं, पानाच्या तळाशी आणलं. पहिलंच अक्षर वाकडं होऊन खाली घसरत गेलं. 'त' आहे हे फक्त तिलाच कळलं असतं. बाबा थांबले. आता ते पेन ठेवून देतील आणि उठून आतल्या खोलीत जातील, असं तिला वाटलं.

बाबांनी ते अक्षर खोडलं. त्यावर एक आडवी, वेडीवाकडी रेघ मारली आणि शेजारी परत लिहायला घेतलं. दुसरा 'त' थोडा बरा आला. 'तपासले' पूर्ण व्हायला फार वेळ लागला, त्यात 'ले' ची मात्रा एकदा हुकली, तीही त्यांनी खोडून परत दिली. खाली सही केली. सहीला पूर्वीचा झोक नव्हता. पेन खाली ठेवल्यावर त्यांना दम लागला होता, आणि कार्बनला समोरचं धड दिसत नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले आणि शाई वाळेपर्यंत वही तशीच उघडी धरून ठेवली.

महिनाअखेरीला ती वर गेली. मोठ्या बाईंनी सुरुवातीची सुबक पानं उलटलीसुद्धा नाहीत, एका झटक्यात बाजूला सारली. गोंदचे तीन हात पाहून फसकन हसल्या. बाकडं, खांब आणि झोपलेला पहारेकरी भरभर गेले. मग त्या हातापाशी आल्या आणि थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे खाली कुणी खोडलंय?"

"वडिलांनी. हात त्यांचाच आहे."

बाईंनी पेन्सिल तोंडातून काढून ठेवली. दुसरा अर्ज टेबलावर होता, त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला. "सोमवारपासून वर बैस," त्या म्हणाल्या. "खिडकीजवळची जागा गार आहे, काहीतरी गरम घालून ये. आणि फुशारून जाऊ नकोस, खांब अगदीच भिकार काढलायस. वही माझ्याकडे ठेव, इतरांना दाखवते."

"वही देता येणार नाही, बाई," कार्बन म्हणाली. "घरी लागते."

खाली आल्यावर तिने काचेच्या टेबलाखालचा दिवा बंद केला. गोंदने तिच्याकडे पाहून नुसती भुवई उडवली, तिने वर बोट दाखवलं. "म्हणजे आता नाव बदलावं लागणार," तो म्हणाला आणि विचारात पडला. पण काही सुचलं नाही, त्यामुळे नाव कार्बनच राहिलं.

घरी बाबा टेबलाशी बसले होते. अंगात स्वेटर नव्हता, सदऱ्याला खिसा नव्हता. तिने जागा मिळाल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी "बरं झालं" एवढंच म्हटलं आणि पेपर घडी करून बाजूला ठेवला. चहा झाला. मग टेबलावरचे कप त्यांनी स्वतःच एकीकडे सरकवले, दिवा जवळ ओढला आणि उजवा हात त्याच्या उजेडात मांडून ठेवला.

"काढ," ते म्हणाले. "हलेल, आधीच सांगून ठेवतो."

"हलू दे," ती म्हणाली आणि तिने वहीचं पुढचं पान उघडलं.